दव वाळेपर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या हाताखाली मी नोकरीची पहिली तीन वर्षं काढली. डी.एड. होऊन आले होते, पाठ टाचण चोख लिहायची, वर्ग शांत ठेवायची. त्या पहिल्या हिवाळ्यातला एक शनिवार माझ्या डोळ्यांसमोर अजून तसाच आहे. सकाळची शाळा. परिपाठ झाला, मी फळ्यावर तारीख लिहिली आणि मुलांना शुद्धलेखनाच्या वह्या काढायला सांगितल्या. गुरुजी दारात उभे होते. ते आत आले, पहिल्या रांगेतल्या मुलासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मूठ मिट बरं." पोरानं प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. नखं निळसर पडली होती. गुरुजींनी त्याचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, याच्या हातात पेन्सिल राहू द्या आधी, मग शुद्धलेखन." त्यांनी अख्खा वर्ग बाहेर काढला, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसवला आणि पाढे म्हणून घेतले. पाढ्यांना पेन्सिल लागत नाही.

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत हिवाळ्यातल्या सकाळी मी आधी मुठी बघितल्या, मग हजेरी घेतली. आज मला 'थंडी आणि शाळा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तेव्हा मी त्या मुठीपासूनच सुरुवात करते.

आपल्या यवतमाळ भागात 'थंडी' हा शब्द पुस्तकात असतो. घरात, बांधावर, शाळेच्या फाटकाशी ऐकू येतं ते 'हीव'. "लय हीव हाये जी, आज पोट्टीले नाई धाडलं" हे वाक्य मी दर डिसेंबरात ऐकत आले. आणि अलीकडे त्याला एक नवा प्रश्न जोडून येतो. उत्तर प्रदेशात जिल्हाधिकाऱ्यांनी आठवीपर्यंतच्या शाळा बंद ठेवल्याची बातमी मोबाईलवर येते. दिल्लीत २०२४ च्या जानेवारीत पाचवीपर्यंतचे वर्ग १२ तारखेपर्यंत बंद होते. काश्मीरात तर हिवाळ्याची सुट्टीच लांबलचक. मग पालक विचारतात, तिकडे बंद ठेवतात तर आपल्याकडे का नाही?

माझं उत्तर मी आधीच सांगून टाकते. आपल्याकडे थंडीसाठी शाळा बंद ठेवू नये. उशिरा उघडावी. हे दोन तासांचं काम आहे, आणि या दोन तासांसाठी मी आज तुमचा एक तास घेणार आहे.

उत्तरेची थंडी आणि आपलं हीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडे गंगेच्या मैदानात धुकं दाटतं आणि दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. रात्र थंड, दुपारही थंड. हवामान खातं अशा दिवसांना 'शीत दिवस' म्हणतं, कारण तिथे दिवसाचं कमाल तापमानच सरासरीच्या खूप खाली जातं. अशा ठिकाणी शाळा दहाला भरवली काय नि बाराला भरवली काय, लेकरू कुडकुडणारच. तिथे सुट्टी देणं मला पटतं.

आपल्याकडे समुद्र दूर, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला की रात्री जमिनीची ऊब थेट आभाळात निघून जाते. ती अडवायला ढग नसतात. पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत आणि त्याच दिवशी दुपारी शेतातला माणूस लिंबाची सावली शोधतो. जानेवारीत रात्र आणि दुपार यांच्यात पंधरा अंशांचा फरक पडणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. त्यात यवतमाळ शहर साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर, नागपूरपेक्षा बरंच वर. आणि कुणी असं समजू नये की विदर्भातला गारठा म्हणजे नुसती लाडिक थंडी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. मैदानी भागात किमान तापमान चार अंश किंवा त्याखाली गेलं, की सरासरी वगैरे न बघता हवामान खातं थंडीची लाट जाहीर करतं. त्या पहाटे आपण त्या रेषेच्या खाली होतो.

आता घड्याळाकडे बघा. सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री असते असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. जमीन रात्रभर निवत राहते आणि पारा तळाला जातो तो सूर्य उगवायच्या सुमारास. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. यवतमाळ अठ्ठ्याहत्तरच्या जवळ. म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळाच्या सतरा-अठरा मिनिटं मागून चालतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तो उगवतो सातला साधारण दहा मिनिटं कमी असताना. आणि आपली सकाळची घंटा होते सातला, फार तर साडेसातला. चोवीस तासांतली सगळ्यात गार वेळ आपण लेकरांसाठी निवडून ठेवली आहे. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, किंवा तांड्यावरून दोन किलोमीटर चालत येणाऱ्या मुलाला तर घर सोडावं लागतं अंधारात. तेच मूल साडेनऊला निघालं, तर अंगावरच्या एका सदऱ्यावरही हसत-खेळत येतं. मी हे हजारदा पाहिलं आहे.

म्हणून हा प्रश्न वर्षाच्या सगळ्या दिवसांचा नाही. जिल्हा परिषदेची शाळा एरवी साडेदहाच्या सुमाराला भरते, तिथे अडचण नाही. अडचण आहे शनिवारची, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शहरातल्या शाळांची, सहा वाजता व्हॅनमध्ये बसवल्या जाणाऱ्या चिमुकल्यांची. आणि सणावारांची. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २६ जानेवारीला झेंडावंदन, दोन्हींना प्रभातफेरी. पांढऱ्या गणवेशात, उघड्या कोपरांनी, पोरं गावातून घोषणा देत फिरतात आणि आपण म्हणतो, किती उत्साह आहे! उत्साह असतोच. पण प्रभातफेरी नऊला निघाली तर सावित्रीबाईंचा मान कमी होणार नाही.

कुणी म्हणेल, वेळ बदलायची तर वरून आदेश लागतो. ऋतू पाहून शाळेची वेळ बदलायची ही गोष्ट विदर्भाला काही नवी नाही. उन्हासाठी आपण ते कधीपासून करत आलो. २०२५ मध्ये बाकीच्या महाराष्ट्रात शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भात २३ जूनला, त्याही सुरुवातीचा आठवडा सकाळच्या वेळेत. विदर्भाचं ऊन वेगळं, हे सरकारदरबारी मान्य आहे. पुराचंही तसंच. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. पाणी सगळ्यांना दिसतं. ऊन अंगाला चटके देतं, अधिकाऱ्यालाही देतं. हीव मात्र ज्याच्या अंगावर स्वेटर आहे त्याला कळत नाही. ते फक्त काही लेकरांनाच वाजतं, म्हणून त्याचा आदेश निघायला वेळ लागतो.

तरी एक पाऊल पडलं आहे, त्याचा मनापासून उल्लेख करते. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या शाळेच्या वेळेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय आला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप हे मोठं कारण होतं, पण थंडी-पावसात सकाळी येताना मुलं आजारी पडतात हेही त्यात नमूद आहे. चांगला निर्णय. पण गावातली शाळा एकाच छपराखाली सातवीपर्यंत असते. सहावीतल्या ताईला सातला यायचं असेल तर दुसरीतला भाऊ नऊपर्यंत घरी थांबत नाही. आई-बाप कामाला निघालेले, घराला कुलूप. तो ताईचं बोट धरून सातलाच येतो आणि ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसून राहतो. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी काढलेला नियम पाचवीच्या दाराशी असा अडतो. नियम काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शहरातलं घर होतं, एवढंच.

आता मी एक गोष्ट सांगणार आहे जी मला सांगायला जड जाते. चूक माझी आहे.

मी मुख्याध्यापिका होऊन दोन वर्षं झाली होती. तिसरीत एक मुलगी होती, कोलाम पोडावरून यायची. बोलायची कमी, अक्षर मात्र मोत्यासारखं. डिसेंबरातला शनिवार. ती पाऊण तास उशिरा आली. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मला वाटलं, शिस्त लावली पाहिजे. मी तिला व्हरांड्यात उभं केलं, पश्चिमेच्या बाजूला, जिथे ऊन यायला दुपार होते. अर्धा तास. ती काही बोलली नाही, फक्त दोन्ही हात काखेत घालून उभी राहिली. मला तो उर्मटपणा वाटला. सोमवारी ती आली नाही. बुधवारी कळलं, तिच्या हातापायांत आणि पाठीत असह्य कळा सुरू झाल्या म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. तपासणीत सिकलसेल निघाला. त्या अर्ध्या तासामुळेच तसं झालं असं कुणी डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तेव्हा मी या आजाराबद्दल समजून घ्यायला लागले. विदर्भात आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये त्या वाकतात, विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी वाजली की रक्तवाहिन्या आकसतात. वाट आधीच अरुंद, त्यात विळे अडकलेले. मग त्या कळा येतात. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून मूल पाणी पीत नाही. त्यानं रक्त आणखी दाटतं. म्हणजे आपल्याला जी सकाळ 'जरा बोचरी' वाटते, ती या लेकराला दवाखान्यात नेऊ शकते. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, कार्डं मिळू लागली, औषधं मिळतात. पण कार्ड घरी पेटीत असतं आणि शनिवारी सातला वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला ते ठाऊक नसतं. आपल्या वर्गात सिकलसेलचं मूल आहे का, हे हजेरीपटाच्या कोपऱ्यात शिक्षकाला कळेल अशा खुणेनं लिहिलेलं असावं. चारचौघांत नाव घेऊन नव्हे. आणि निवासी शाळेत सकाळच्या आंघोळीला गरम पाणी हा लाड नाही, तो औषधाचाच भाग आहे. सौर बंब बसवला आणि तीन वर्षं बंद पडून राहिला, तर पत्र्यावरच्या त्या काचेचा मुलांना उपयोग काय?

एवढं सगळं असताना मी शाळा बंद ठेवा असं का म्हणत नाही? कारण शाळा बंद झाली की पहिली चूल बंद होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. डाळ, तेल, भाजी घालून शिजलेली ती गरम खिचडी काही लेकरांचं दिवसातलं पहिलं धड जेवण असतं. ज्या दिवशी अंगाला सगळ्यात जास्त उष्मांक हवेत, नेमका त्याच दिवशी सुट्टी देऊन आपण ते ताट काढून घेणार? २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. हिवाळा होता, पोरं अंड्याच्या दिवशी हटकून हजर असायची. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला, लोकवर्गणीतून द्यायचं असेल तर द्या म्हणाले. जिथे घरटी पाच रुपये निघत नाहीत तिथे लोकवर्गणी कुठून येणार? मला या निर्णयाचं फार वाईट वाटलं, आणि ते मी इथे उघड बोलते.

दुसरं म्हणजे कपडे. सरकार गणवेशाचे दोन जोड देतं, २०२३ पासून बूट-मोजेही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या या यादीत स्वेटर नाही. गुरुजी दर दिवाळीला शहरातल्या ओळखीच्या घरांतून जुने स्वेटर मागून आणायचे. खांद्यावर बोचकं टाकून बसनं. मुलांना ते कधी वाटायचे नाहीत. शाळेच्या कपाटात ठेवायचे, सकाळी ज्याला लागेल त्यानं घालायचा, उन्हं वर आली की घडी करून परत ठेवायचा. "दिलं की ते त्याचं नाव होतं बाई," असं ते म्हणायचे, म्हणजे पोर स्वेटरवरून ओळखलं जातं, चिडवलं जातं. कपाटातला स्वेटर शाळेचा असतो, खडूसारखा. शाळा बंद राहिली तर तोही कुलपात राहतो.

तिसरं, डिसेंबर-जानेवारी हा आपल्या जिल्ह्यात कापसाचा हंगाम. हजेरीपटावर थंडीचे म्हणून पडलेले कितीतरी 'गैरहजर' खरं तर वेचणीचे असतात. आई वेचायला जाते, चौथीतली मुलगी धाकट्याला सांभाळते. शाळेनंच सुट्टी दिली तर ही मुलगी परत यायची खात्री कुणी देऊ नये. आठ दिवस बंद ठेवलेली शाळा काही मुलांसाठी आठ दिवसांनी उघडत नाही, हे करोनाच्या काळानं आपल्याला पुरेसं दाखवलं. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास ठरवले आहेत. ते दिवस मुलांच्या हक्काचे आहेत, त्यातला एकही मी थंडीला द्यायला तयार नाही.

मग वेळ ठरवायची कुणी? जगात दुसरीकडे शाळकरी मुलांनी थंडीची फार मोठी किंमत मोजली आहे. १२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेच्या मधल्या मैदानांत, नेब्रास्का आणि डाकोटा भागात, सकाळ ऊबदार उजाडली. मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली. मग अचानक हिमवादळ कोसळलं, हात पुढे केला तर हात दिसेना. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत घरी परतणारी शाळकरी मुलं बरीच होती. म्हणून त्याला 'शाळेचं हिमवादळ' असंच म्हणतात. तिथल्या एका खोलीच्या शाळेत मिनी फ्रीमन नावाची कोवळ्या वयाची शिक्षिका होती. वाऱ्यानं शाळेचं छप्पर टिकेना तेव्हा तिनं मुलांना एकत्र धरून जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप नेलं. तिला फोन नव्हता, आदेश नव्हता. आपल्याकडे तसं वादळ येणार नाही, आणि मला भीती दाखवायची नाही. पण मुलांजवळ जो माणूस उभा आहे, त्याला ठरवता आलं पाहिजे, हे मी त्या गोष्टीतून घेतलं. आज तिकडच्या मराठी घरांतली पोरं बर्फ पडला की 'स्नो डे'ची वाट बघतात, आणि तिथे तो निर्णय पहाटेच होऊन घरोघरी कळतो. आपल्याकडे पारा उतरल्याची बातमी संध्याकाळी येते आणि वेळ बदलल्याचं पत्र, आलंच तर, संक्रांतीनंतर.

हे पत्र यायची वाट बघायला लागू नये. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, त्यात बहुसंख्य पालक आहेत. नोव्हेंबरातच ठराव करता येतो.

आम्ही तो केला होता. त्या मुलीच्या घटनेनंतरच्या वर्षी. विषय मांडल्यावर विरोध झाला, आणि तो माझ्याच सहकाऱ्यांकडून. शनिवारी नऊला शाळा भरली तर सुटायला एक वाजणार, यवतमाळची बस चुकणार. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या शिक्षकाची परतीची गाडी हाही खरा प्रश्न असतो. अर्धा तास बोलणं झालं. पोडावरच्या त्या मुलीची आई कोपऱ्यात बसली होती. तिला समितीत येऊन चार महिने झाले होते, तोवर ती एकदाही बोलली नव्हती. तुम्हाला माहीत आहे, दव पडलेला कापूस कुणी वेचत नाही. ओला माल बाजारात मार खातो. ती म्हणाली, "कापूस बी आमी दव वाळल्यावरच वेचतो ना मॅडम. मंग लेकरायले काऊन घाई?"

कुणीच काही बोललं नाही. सहकाऱ्यांपैकी एकानं इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: डिसेंबर व जानेवारी महिन्यांत शनिवारची शाळा सकाळी नऊ वाजता भरेल. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीसाठी पाठवला. खाली सात सह्या आहेत आणि चार अंगठे. अंगठ्यांतला पहिला तिचा. त्या वर्षी १ डिसेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी मी सवयीनं साडेसहालाच शाळेत पोचले. पटांगणात कुणी नव्हतं, पूर्वेच्या भिंतीवर ऊन यायचं होतं. नऊला पाच कमी असताना पोडाच्या वाटेवरून पोरं येताना दिसली. ती मुलगी पुढे होती, आणि धावत होती.